टेबलावरचा ढीग काय काम करत होता?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय ४८, राहणार कोथरूड. सोसायट्यांचं मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरनं करून न दिलेला जमिनीचा हक्क सरकारी आदेशानं सोसायटीच्या नावावर करून घेणं) आणि पुनर्विकास यांची कागदपत्रं बघणाऱ्या एका लहान सल्लागार कार्यालयात या ताई वीसेक वर्षं नोकरी करतात. कार्यालय नारायण पेठेत, जुन्या इमारतीत होतं. तिथे त्यांचं स्वतःचं मोठं टेबल होतं आणि त्यावर फायलींचे ढीग. 'बघणाऱ्याला पसारा वाटायचा, पण मागितलेला कागद मी मिनिटात काढून द्यायचे.' सर निवृत्त झाले, कारभार त्यांच्या मुलीकडे आला आणि पावसाळ्याच्या आधी कार्यालय बाणेरला हललं. तिथे ठरलेली जागा कुणालाच नाही. संध्याकाळी टेबल रिकामं करून जायचं, आणि सगळे कागद स्कॅन होऊन ड्राइव्हवर. दोन महिन्यांत एका सुनावणीसाठी द्यायची कागदपत्रं ताईंच्या हातून राहून गेली. मालकीणबाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तरुण सहकारी म्हणतात, 'सर्च करा ना काकू.' सर्च करून सापडत नाही. ताईंचे प्रश्न असे : आपल्याला कधी शिस्तच नव्हती का, की हे वयाचं आहे? दिवाळीच्या सुट्टीत बसून ड्राइव्हवरचे सगळे फोल्डर नव्यानं लावावेत का? जुन्या टेबलावरचे दोन खोके कागद घरी आणून ठेवलेत, त्यांचं काय करायचं? की सरळ राजीनामा द्यावा?

नमस्कार ताई,

आधी वयाचं. पत्रात तुम्ही तीन ठिकाणी 'आता वय झालं' असं लिहिलंय. त्याच पत्रात कुठल्या सोसायटीच्या सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव आहे, कुठल्या बिल्डरच्या वारसांनी सही नाकारली, कुणाचा मंजूर नकाशा प्रत्यक्ष बांधकामाशी जुळत नाही, हे सगळं कागद समोर न घेता सांगितलंय. एवढं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्या स्मरणशक्तीची मला तरी काळजी वाटत नाही. घरीही गॅस चालू राहणं, रोजच्या माणसांची नावं न आठवणं असं काही नव्यानं सुरू झालं असेल तर डॉक्टरांना जरूर भेटा. पण पत्रात तसं काही दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की टेबल गेलं आणि पाठोपाठ तारीख चुकली.

म्हणून त्या टेबलाकडे जरा नीट बघू. तुम्हीच लिहिलंय : उजवीकडे सहीसाठी थांबलेल्या फायली, डावीकडे सरकारी कागद यायचा बाकी असलेल्या. फोनखाली सरकवलेली फाइल म्हणजे त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आज फोन करायचा. ढिगात एखादी फाइल आडवी ठेवली असेल तर तिच्यातली सभासदांची यादी अपुरी. खुर्चीवर ठेवलेली फाइल म्हणजे ती हातावेगळी केल्याशिवाय बसायचंच नाही. सर म्हणे हसायचे. पण हा पसारा नव्हता, ही पद्धत होती. फक्त कुठे लिहून ठेवलेली नव्हती. आणि या पद्धतीचं मुख्य काम कागद सापडवून देणं हे नव्हतंच. पुढचं काय करायचं याची आठवण करून देणं, हे होतं.

थॉमस मेलोन या अमेरिकी संशोधकानं १९८३ साली नेमका हाच विषय घेतला होता : माणसं आपली टेबलं कशी लावतात? कार्यालयांत जाऊन तो लोकांच्या टेबलांपुढे उभा राहिला आणि कुठे काय आहे, तिथेच का आहे, असं विचारत गेला. त्याला दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे नाव देऊन कपाटात लावलेली फाइल आणि नाव न देता रचलेला ढीग या दोन वेगळ्या जाती आहेत. ढीग माणूस आळसानंच करतो असं नाही. हा कागद नक्की कुठल्या नावाखाली जाईल हे ठरवणं अवघड असतं म्हणूनही करतो. दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे. टेबलावर समोर ठेवलेल्या कागदांपैकी बरेचसे आठवणीसाठी ठेवलेले असतात. म्हणजे तुमच्या टेबलाला दोन नोकऱ्या होत्या, कागद सांभाळणं आणि आठवण करून देणं. ड्राइव्हनं पहिली नोकरी घेतली. दुसरीवर कुणाची नेमणूकच झाली नाही.

संगणकाच्या पडद्यालाही आपण 'डेस्कटॉप' म्हणतो, म्हणून वाटतं की इकडचं टेबल तिकडे गेलं. १९८१ साली झेरॉक्स कंपनीनं 'स्टार' नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, फायलींचं कपाट, आलेल्या आणि जायच्या टपालाचे ट्रे अशी चित्रं होती, कारण कार्यालयातल्या माणसाला ती ओळखीची वाटतील. १९८४ च्या मॅकिंटॉशमुळे ती कल्पना सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचली. चित्र आलं, पण टेबलाचा एक गुण आला नाही. खऱ्या टेबलावरचं सगळं एकदम दिसतं, आणि मुद्दाम न बघताही दिसतं. चहा घेताना नजर आडव्या फायलीवर जाते. ढीग उंच होतो, कडा मळतात, वरचा कागद उडायला लागतो आणि काम तुंबलंय हे कुणी न सांगता कळतं. पडद्यावर मात्र तीन वर्षं कुणी न उघडलेली फाइल आणि उद्याच्या सुनावणीची फाइल एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. फोल्डर मिटला की आतलं काम गप्प.

तुमच्या ड्राइव्हची रचना तुम्ही लिहून पाठवलीत हे बरं केलंत. सोसायटीचं नाव, त्यात वर्ष, त्यात कागदाचा प्रकार. संपलेल्या कामांसाठी ही रचना उत्तम आहे. पाच वर्षांनी कुणी भोगवटा पत्राची, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्याची, प्रत मागितली तर या वाटेनं ती मिळेल. पण आज सकाळी येऊन बसल्यावर 'माझ्या हातात सध्या काय काय आहे?' या प्रश्नाला या रचनेत कुठेच उत्तर नाही. तीसेक सोसायट्यांची चालू कामं आणि दीड दशकाची संपलेली कामं एकाच झाडावर टांगली आहेत.

हा भेद आपल्या गावाला जुनाच माहीत आहे. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात, म्हणजे मुख्य कचेरीत, 'चालते दप्तर' वेगळं आणि 'एकबेरीज दप्तर' वेगळं होतं. पहिलं फडणिसांच्या देखरेखीखालचं, रोजच्या कारभाराचं. दुसऱ्यात सगळीकडचे हिशेब अखेरीस जमा व्हायचे. आज पुण्याच्या पेशवे दप्तरात जे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, ठेवलेत, ज्यांतून रियासतकार सरदेसायांनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तो झाला इतिहास. पण ते कागद चालू होते तेव्हा कारकुनांना रोज सगळे रुमाल सोडावे लागत नसत. अमेरिकेत १९९५ साली डेबोरा बॅरो आणि बॉनी नार्डी यांनी संगणक वापरणाऱ्या लोकांचं निरीक्षण करून माहितीचे तीन प्रकार सांगितले : दोन-चार दिवसांची, चालू कामाची आणि जपून ठेवण्याची. त्यांनाही हेच दिसलं, की लोक फाइल विशिष्ट जागी ठेवतात ती नुसती सापडावी म्हणून नाही, नजरेसमोर राहावी म्हणूनही. तुमच्या नव्या कार्यालयात चालतं दप्तर नाहीच. सगळी एकबेरीज.

आता 'सर्च करा ना काकू'. या पोरांचा मला राग येत नाही, त्यांचं अर्धं खरं आहे. २०११ साली स्टीव्ह व्हिटेकर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४५ जणांचा ईमेलचा वापर तपासला. फोल्डर करून मेल नीट लावणाऱ्यांना जुना मेल जास्त हमखास सापडतो असं काही दिसलं नाही. ईमेलपुरतं तर शोधणंच सोयीचं. म्हणून मेल लावत बसायचं तुम्ही आजपासून बंद केलंत तरी चालेल.

पण तुमच्या कामात सर्च आंधळा होतो, आणि त्याला तुम्ही जबाबदार नाही. एक तर स्कॅन केलेला सातबारा संगणकाच्या लेखी फोटो असतो. अक्षरं ओळखणारी सोय चालवली तर छापील मराठी बऱ्यापैकी वाचली जाते, पण तलाठ्याचं हस्ताक्षर आणि पुसट शिक्के कोण वाचणार? दुसरं, तुमच्या कार्यालयातली जुनी मराठी पत्रं युनिकोड (सगळ्या संगणकांवर अक्षरं एकाच तऱ्हेनं साठवण्याची पद्धत) रुळण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. पडद्यावर 'अभिहस्तांतरण' दिसतं, पण आत साठवलेले असतात भलतेच रोमन वर्ण. आज तुम्ही युनिकोडमध्ये 'अभिहस्तांतरण' टाइप केलंत तर ती फाइल हाताशी असूनही मिळणार नाही. तिसरी अडचण तर इतकी घरगुती आहे की कुणाच्या लक्षातच येत नाही. नावात 'लक्ष्मी' असलेल्या तुमच्याकडे चार सोसायट्या आहेत; एकीचं स्पेलिंग एक्सनं, दुसरीचं केएसएचनं, आणि 'श्री' तर तीन तऱ्हांनी. फाइल ज्यानं ठेवली त्यानं त्या दिवशी काय लिहिलं हे आठवल्याशिवाय शोधणार कसं?

शिवाय सर्च करायला आधी काय शोधायचं ते आठवावं लागतं. तुमच्या हातून जे राहिलं ते सापडलं नाही म्हणून राहिलं नव्हतं. ते शोधायचंय हेच त्या आठवड्यात समोर आलं नाही. याला सर्चपाशी काही इलाज नाही.

फोल्डरमधून वाट काढत जाण्याची तुमची सवयही मागासलेली वगैरे नाही. ऑफर बर्गमन आणि व्हिटेकर यांनी वर्षानुवर्षं हे तपासलंय : सर्चची सोय कितीही सुधारली तरी लोक स्वतःच्या फायलींसाठी फोल्डर उघडत जाणंच पसंत करतात. २०१५ मध्ये मेंदूची चित्रं घेऊन केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की फोल्डरमधून जाताना मेंदूचे साधारण तेच भाग कामाला लागतात जे प्रत्यक्ष जागेत वाट काढताना लागतात. शब्द टाइप करून शोधताना मात्र भाषेचे भाग चालतात. फोल्डर 'कुठेसा' आहे असं तुम्हाला वाटतं ते उगीच नाही. फक्त यात एक मेख आहे. वाट आपण स्वतः पाडलेली असली तरच पायाखालची असते. नणंदेच्या स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या असल्या तरी हिंग शोधताना चार डबे उघडावे लागतात ना, तसंच दुसऱ्यानं आखलेल्या सामायिक फोल्डरचं होतं. तुमचा ड्राइव्ह स्कॅनिंगला आलेल्या मुलानं आखलाय, आणि तो मुलगा आता नोकरी सोडून गेलाय.

तरुणांना सगळं सहज जमतं, हेही तुमचं एक गृहीत आहे. त्यांच्या लॅपटॉपकडे एकदा बघून घ्या. वरच्या पट्टीत ब्राउझरचे चाळीस टॅब उघडे असतील, इतके की नावंही वाचता येत नाहीत. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली याचाच अभ्यास केला. लोक टॅब मिटत नाहीत, कारण उघडा टॅब म्हणजे राहिलेल्या कामाची आठवण, आणि मिटला तर ते काम नजरेआड होऊन कायमचं बुडेल अशी धास्ती. तो त्यांचा ढीग. त्यांना तो बाणेरलाही नेता आला, तुम्हाला तुमचा नेता आला नाही, एवढाच फरक.

आता थोडं तुमच्या टेबलाच्या विरुद्ध बोलते. पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : आईंच्या ऑपरेशनच्या वेळी रजेवर होतात तेव्हा कार्यालयातून दिवसाला दहा-दहा फोन यायचे. तुम्ही ते अभिमानानं लिहिलंय. मला ते वाचून तुमची दया आली, आणि कार्यालयाचीही. आडव्या फायलीचा अर्थ एकाच माणसाला कळत असेल तर तो माणूस आजारीसुद्धा पडू शकत नाही. नव्या मालकीणबाईंना हे खटकलं असेल तर त्यांचं काय चुकलं? टेबलं रिकामी ठेवण्यामागेही नुसती झकपक नसावी. सभासदांच्या आधारच्या, पॅनच्या प्रती, खरेदीखतं, असं काय काय तुमच्या त्या ढिगांत उघडं पडलेलं असायचं. ज्या जागेत उद्या दुसराच कुणी येऊन बसणार तिथे ते चालणार नाही. तेव्हा ढीग जसाच्या तसा परत आणा असं मी म्हणणार नाही. त्याचं आठवणीचं काम तेवढं परत आणायचं, आणि ते दुसऱ्यालाही वाचता येईल असं.

दिवाळीत फोल्डर लावायला बसू नका. हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण शहाणीसुरती माणसं या कामात आठवडे घालवतात आणि शेवटी त्यांच्यापाशी एक सुंदर झाड उरतं. व्हिटेकर आणि जुलिया हर्शबर्ग यांनी एटी अँड टी लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या लोकांच्या कागदांचा अभ्यास केला होता, तोही नेमका त्यांचं कार्यालय हलत असताना. २००१ साली तो छापून आला. सगळं व्यवस्थित फायलीला लावणाऱ्यांकडे ढीगवाल्यांपेक्षा जास्त कागद साठलेले होते आणि त्यांतले वापरले कमी जात होते. कागदाची किंमत कळायच्या आतच त्याला नाव देऊन कपाटात टाकलं की असं होतं. जुनी पंधरा वर्षं आहेत तिथे, आहेत तशी राहू द्या. त्यातला कागद कधी लागला तर तो काढताना त्याचं नाव सुधारा, बस. बाकीच्यांना हात लावू नका. दिवाळीत चकल्या करा.

करायचं ते असं. पोस्टकार्डाएवढे जाड कागदाचे तुकडे घ्या. एक चालू काम, एक कार्ड. त्यावर तुमचा जुना फाइल क्रमांक, सोसायटीचं नाव, पुढची तारीख आणि 'सध्या चेंडू कुणाकडे', म्हणजे सोसायटी, बिल्डर, सरकारी कार्यालय की आपण, एवढंच पेन्सिलीनं लिहायचं. कार्डावर कुणाचा खाजगी कागद नसल्यामुळे ते टेबलावर पसरायला हरकत कुणाची नसावी. सकाळी जी जागा मिळेल तिथे कार्डं मांडायची, तुमच्याच पद्धतीनं : उजवीकडे सहीची, डावीकडे सरकारी कागदांची, यादी अपुरी असेल तर कार्ड आडवं. संध्याकाळी गोळा करून डब्यात, डबा लॉकरमध्ये. रोज सकाळी मांडायला पाच-सात मिनिटं जातील. ती वाया गेली असं समजू नका, कारण मांडताना प्रत्येक काम एकदा हातातून जातं. जुन्या टेबलावर ढीग आयता तिथेच असल्यामुळे तळची फाइल महिनोन् महिने हाताला लागत नसे, हे तुम्हीच आठवून बघा.

गोळा करताना एक युक्ती वापरा. युकिओ नोगुची या जपानी अर्थतज्ज्ञानं १९९० च्या दशकात कागद ठेवायची एक पद्धत लोकप्रिय केली. विषयवार लावायचंच नाही. प्रत्येक विषयाचं मोठं पाकीट करून ओळीनं उभं ठेवायचं आणि वापरलेलं पाकीट दर वेळी एका टोकाला परत ठेवायचं. वापरातली पाकिटं आपोआप त्या टोकाला जमतात, न लागणारी दुसऱ्या टोकाकडे सरकत जातात. कार्डांचं तसंच करा. आज हात लागलेलं कार्ड डब्यात पुढे. महिनाअखेरीला मागची पाच-सहा काढून बघा. त्यातली काही संपलेली असतील, ती फाडा. काही अडकलेली असतील. तिथे फोन करायचाय.

तारखा मात्र कार्डाच्या भरवशावर सोडू नका. सुनावणी, कागद दाखल करायची मुदत, सर्वसाधारण सभेची नोटीस, अशी तारीख असलेली प्रत्येक गोष्ट कार्यालयाच्या सामायिक कॅलेंडरमध्ये त्याच मिनिटाला गेली पाहिजे, आणि तिला दोन आठवणी लावायच्या : एक आठवडाभर आधी, म्हणजे कागद जमवायला वेळ मिळेल, आणि एक आदल्या दिवशी. फोनवर करा, कुणाला तरी एकदा दाखवायला सांगा. अवघड नाही.

नव्या फायलींना नावं देताना स्पेलिंगची भानगडच टाळा. जुन्या लाल कापडी फायलींवर तुम्ही क्रमांक घातले होते ना? तेच वापरा. आधी तारीख, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, मग फाइल क्रमांक, मग कागदाचं नाव : '२०२५-०८-१४ ०१७ इंडेक्स टू'. वर्ष पुढे असलं की संगणक आपसूक काळाच्या क्रमानं लावतो. कोणता क्रमांक कुठल्या सोसायटीचा याचं एक पान करून ड्राइव्हवर सगळ्यात वर ठेवा. तुम्ही रजेवर गेलात तरी कुणीही शोधू शकेल, आणि फोन निम्मे होतील.

एक तिसरं कार्यालय राहिलंच, ज्याचा तुम्ही पत्रात उल्लेखही केला नाहीत आणि जे माझ्या अंदाजानं सगळ्यात जास्त कागद गिळतं. व्हॉट्सॲप. सोसायट्यांचे सेक्रेटरी हल्ली शेअर सर्टिफिकेटचा फोटो काढतात आणि रात्री साडेदहाला पाठवतात, खाली 'गुड नाइट'च्या फुलांसकट. तो कागद तुमच्या वैयक्तिक फोनवर, ना ड्राइव्हवर, ना कार्डावर. दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेल्यावर पहिलं काम : रात्रीचे फोटो ड्राइव्हवर चढवायचे, नाव द्यायचं, आणि सेक्रेटरींना 'मिळालं' एवढं कळवायचं. ज्यांना जमेल त्यांना कार्यालयाच्या ईमेलवर पाठवायला सांगा. सत्तरीच्या सेक्रेटरींशी वाद घालू नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक बाजूची गोष्ट. सगळ्यांचा ढीग बोलका असतो असं नाही. काहींच्या ढिगाला ना उजवं ना डावं, नुसतं साठत जातं. कसोटी सोपी आहे : ढिगातला कुठलाही कागद बोटानं दाखवून 'हा इथेच का?' असं स्वतःला विचारा. उत्तर आलं तर ती पद्धत, नाही आलं तर रद्दी. दोन खोल्यांच्या घरातून काम करणाऱ्यांची अडचण तर ताईंचीच आहे. जेवणाचं टेबल रोज दोनदा रिकामं करावं लागतं, म्हणजे मालकीणबाईंचा नियम घरातच लागू. त्यांनाही कार्डांचा डबा चालेल, किंवा एकच मोठा ट्रे, जो आहे तसा उचलून कपाटावर ठेवता येतो.

आता मालकीणबाईंशी बोलायचं. तिला शाळेच्या गणवेशात पाहिलंय, अगं म्हणू की अहो, हे कळत नाही असं लिहिलंय तुम्ही. कार्यालयात 'अहो' म्हणा आणि मोकळ्या व्हा. लग्नकार्यात भेटाल तेव्हा 'अगं' आहेच. तिच्याकडे 'मला हे जमत नाही' असं म्हणत जाऊ नका, त्यावर कुणालाही फक्त 'जमेल हळूहळू' एवढंच म्हणता येतं. नेमकं मागा. एक मोठं लॉकर, पुरेल असं. आठवड्यातले निदान तीन दिवस ठरलेली एकच जागा, कारण रोज नवीन कोपऱ्यात बसलं की मांडणीतला अर्धा वेळ आपण कुठे आहोत हे समजण्यात जातो. जमल्यास दुसरा पडदा, म्हणजे कॅलेंडर एकावर कायम उघडं राहील. आणि ड्राइव्हवर 'चालू' नावाचा एक फोल्डर सगळ्यांत वर, ज्यात फक्त सध्याच्या सोसायट्या. काम संपलं की त्यातून काढून जुन्यात. सुनावणीच्या चुकीबद्दल तिनं काही म्हटलं नसलं तरी विषय तुम्हीच काढा : काय राहिलं, का राहिलं, आणि आता तारखा कुठे जातात ते कॅलेंडर उघडून दाखवा. त्या न रागावण्याचं तुम्हाला जे लागलंय ते याशिवाय जाणार नाही.

घरातल्या खोक्यांचं तातडीनं बघा, ते कोथरूडला असायला नको होते. त्यात सोसायट्यांचे मूळ कागद असतील : खरेदीखतं, शेअर सर्टिफिकेटं, सहीशिक्क्याचे मंजूर नकाशे. ते सोसायट्यांचे आहेत. कार्यालयात कळवून, स्कॅन करून, ज्याचे त्याला परत द्या आणि प्रत्येकाची पोच घ्या. नुसत्या झेरॉक्स प्रती ड्राइव्हवर आहेत का ते तपासून फाडून टाका. आधार-पॅनच्या प्रती अख्ख्या रद्दीवाल्याला देऊ नका. तुमच्या हाताच्या नोंदी मात्र ठेवा. कुणी फोनवर काय कबूल केलं, कुठला वारस परदेशी असतो, हे दुसरीकडे कुठेच नाही. चालू कामांपुरतं ते कार्डांच्या मागे उतरवून घ्या.

राजीनाम्याचं आत्ता ठरवू नका. लॉकर आणि जागा मिळाली, कार्डं दोन-तीन महिने चालवली, तरीही कामं निसटत असतील तर माझं निदान चुकलं असं समजा आणि मला पुन्हा लिहा. मागितलेलं काहीच मिळालं नाही, वर 'काकू, सर्च करा ना' चालूच राहिलं, तर दुसरीकडे बघा. पुण्यात पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांना सध्या तोटा नाही, आणि जुना सातबारा वाचता येणारी माणसं फार नाहीत.